पोतदारांचं पोतं

मुलांनो, उद्या शाळेत हजेरी होईल तेव्हा एक काम करा. आपला नंबर आला की ‘हजर’ म्हणून मोकळं व्हायचं आणि मग वहीत टिंगलटवाळीची चित्रं काढत बसायचं, असं करू नका. एक दिवस सगळ्या वर्गाची आडनावं कान देऊन ऐका. गंमत सांगतो, त्या यादीत आख्खं जुनं गाव बसलेलं असतं.

आमच्या परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेचं हजेरीपुस्तक उघडा. काही आडनावं गावावरून पडलेली, ती ‘कर’वर संपतात. काही ‘वार’वर संपतात, कारण तेलंगण आमच्या शेजारी आहे. आणि उरलेल्यांत भली मोठी फौज असते ती कामावरून पडलेल्या आडनावांची. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौधरी, जोशी, सुतार, लोहार, कुंभार, हवालदार, इनामदार, पोतदार. कोणी गावचा कारभार पाहत होतं, कोणी हिशेब लिहीत होतं, कोणी नांगर घडवत होतं. ज्यानं हे काम केलं तो कधीच गेला, काम पण गेलं, आणि नाव मात्र पाचवीतल्या पोराच्या दप्तरावर लिहिलेलं आहे!

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका बरं का. इंग्लंडात सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव कोणतं? स्मिथ. स्मिथ म्हणजे धातूकाम करणारा, आपला लोहारच म्हणा ना. टेलर म्हणजे शिंपी. बेकर म्हणजे भट्टीवाला. इंग्लंडच्या पंतप्रधान होत्या त्या मार्गारेट थॅचर, त्यांच्या सासरचं आडनाव म्हणजे छप्पर शाकारणारा. मोटारींच्या शर्यतीतला जर्मनीचा शूमाकर म्हणजे जोडे शिवणारा. आणि तुमचा तो लाडका जादूगार हॅरी पॉटर? पॉटर म्हणजे मडकी घडवणारा. मराठीत आणला तर सरळ हॅरी कुंभार! आमच्या वर्गात हे सांगितलं त्या दिवशी पुढचा तास काही मला नीट घेता आला नाही.

कुंभार, सुतार, शिंपी ही आडनावं ऐकली की अर्थ लगेच कळतो. पण काही आडनावं अशी असतात की ती लावणाऱ्यालाही अर्थ माहीत नसतो. त्यातलंच एक म्हणजे पोतदार. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे, कारण ती नुसती आडनावाची गोष्ट नाही. त्यात पैसे आहेत, लबाडी आहे आणि आपल्या परभणीची एक जवळजवळ विसरलेली गोष्ट पण आहे.

माझ्या चौथीच्या वर्गात मागं एक पोतदार होता. अंगानं जरा गुटगुटीत. मधली सुट्टी झाली की पोरं त्याच्यामागं लागायची, ‘पोतं आलं, पोतं आलं!’ एक दिवस तो माझ्याकडं आला नि म्हणाला, “गुरुजी, आमचे आजोबा-पणजोबा पोती उचलत होते का? हमाल होते का?” मी म्हटलं, “पोती उचलणं काही वाईट काम नाही. मोंढ्यात जाऊन बघ, दोन मणांचं पोतं उचलायला छाती लागते. पण तुझं आडनाव त्यावरून आलेलं नाही.”

मग कशावरून आलं? ‘फोता’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ कापड, कापडाची पिशवी, थैली. पैशांची थैली ज्याच्या ताब्यात तो ‘फोतादार’. शेवटचा ‘दार’ तुम्हाला ओळखीचा आहे. सुभेदार, हवालदार, किल्लेदार, जमादार, या सगळ्यांतला तोच. ‘दार’ म्हणजे बाळगणारा, सांभाळणारा. किल्ला सांभाळतो तो किल्लेदार, तसा थैली सांभाळतो तो फोतादार. मोगलांच्या राज्यात प्रत्येक परगण्याच्या ठिकाणी असा एक खजिनदार असे. मराठीच्या तोंडात ‘फ’चा ‘प’ झाला आणि फोतादाराचा पोतदार झाला. जुन्या मोडी कागदांत ‘पोता’ म्हणजे सरकारी खजिना. तिथं रोख रकमेचा हिशेब लिहायचा तो पोतनीस. हा ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. चिटणीस, फडणीस, सबनीस, पारसनीस हे सगळे त्याचेच भाऊबंद. म्हणजे पोतदाराच्या हातात थैली आणि पोतनीसाच्या हातात लेखणी!

आता हाच फोतादार देशभर फिरून आला ते पाहा. काश्मिरात पंडितांमध्ये ‘फोतेदार’ हे आडनाव आहे. बंगालमध्ये आणि राजस्थानातल्या मारवाडी मंडळींत ‘पोद्दार’ आहे. आणि आपल्याकडे ‘पोतदार’. तीन टोकांना तीन उच्चार, मूळ एकच. ही माणसं एकमेकांची नातेवाईक मुळीच नाहीत. नातं आहे ते कामाचं.

पण थैली सांभाळायला एवढा मोठा हुद्दा कशाला? कुलूप लावलं की झालं, असं तुम्हाला वाटेल. खरी मेख पुढंच आहे. पोतदाराचं मुख्य काम थैली राखण्याचं नव्हतं. थैलीत पडणारं प्रत्येक नाणं खरं की खोटं, हे पारखण्याचं होतं.

आज दहा रुपयांचं नाणं परभणीत दहाचं, पुण्यात दहाचं आणि दिल्लीतही दहाचंच. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी असं नव्हतं. टाकसाळी ठिकठिकाणी होत्या. पेशवाईतला अंकुशी रुपया वेगळा, नाशिककडच्या चांदवडचा चांदवडी रुपया वेगळा, इंदूरच्या होळकरांचा मल्हारशाही वेगळा, निजामाचा वेगळा, इंग्रज कंपनीचा आणखी वेगळा. सगळे म्हणायला रुपयेच, पण एकात चांदी जास्त, दुसऱ्यात कमी. एक वजनाला भारी, दुसरा हलका. शिवाय चांदी मऊ. हाताळून हाताळून झिजते. काही लबाड लोक नाण्याच्या कडा बारीक कातरून घेत आणि ती चांदी साठवत. काही जण तर तांब्याच्या चकतीवर चांदीचा मुलामा देऊन सरळ खोटा रुपयाच बनवत. आणि हे सगळे रुपये एकाच बाजारात, एकाच फडक्यात गाठ मारलेले!

मग नाणं पारखायचं कसं? आजच्यासारखं यंत्र नव्हतं. पोतदाराचं यंत्र म्हणजे त्याचे डोळे, कान आणि बोटं. आधी तो छाप बघे, कोणत्या टाकसाळीचा, कोणत्या सालचा. मग बोटांवर घेऊन वजनाचा अंदाज घेई, शंका आली तर काट्यावर ठेवी. मग नाणं दगडावर आपटून वाजवी. चांगली चांदी खण्ण करून वाजते आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. आत तांबं-शिसं असेल तर बद्द असा आवाज येतो आणि तिथंच मरतो. सोन्याचं नाणं असेल तर काळ्या कसोटीच्या दगडावर घासून रेघ पाहायची. काही सराफ नाणं तपासलं की त्यावर बारीकशी खूण ठोकत. वस्तुसंग्रहालयात जुने मोगली रुपये पाहायला मिळाले तर नीट बघा, काहींच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे छोटे छोटे ठसे दिसतात. ते नक्षीकाम नव्हे, पारखणाऱ्यांनी ठोकलेल्या त्या खुणा.

खेड्यात हे काम बहुधा गावच्या सोनाराकडं असे, कारण चांदीची नस त्यालाच ठाऊक. परगण्याच्या किंवा सरकारच्या खजिन्यावर मात्र नेमलेला पोतदार असे. पुढं हे काम बापाकडून मुलाकडं जाऊ लागलं आणि हुद्द्याचं आडनाव होऊन बसलं. म्हणूनच आज पोतदार हे आडनाव एकाच जातीत सापडत नाही. वेगवेगळ्या समाजांत सापडतं.

आता जरा कल्पना करा. तुमच्या खापरपणजोबांनी वर्षभर काळ्या रानात राबून ज्वारी आणि कापूस काढला. बाजारात विकला. सरकारचा सारा वीस रुपये भरायचा आहे. वीस नाणी धोतराच्या कनवटीला लावून ते निघाले, दोन कोस चालत कचेरीत आले. पोतदारापुढं नाणी ओतली. पोतदार एकेक उचलतो, वाजवतो, बाजूला ठेवतो. दोन नाणी बद्द वाजली. ती परत. सहा नाणी झिजलेली निघाली, त्यांच्यावर प्रत्येकी दोन आणे बट्टा. बट्टा म्हणजे कमी किमतीबद्दल कापलेली रक्कम. आता हिशेब करा. वीसमधून दोन गेले, राहिले अठरा. सहा नाण्यांचे दोन-दोन आणे म्हणजे बारा आणे गेले. (सोळा आण्यांचा रुपया, हे विसरू नका.) राहिले सतरा रुपये चार आणे. म्हणजे सारा भरायला अजून दोन रुपये बारा आणे कमी पडले! आता हे कुठून आणायचे? सावकाराकडून. आणि सावकाराकडं एकदा गेलं की काय होतं, ते शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना मी सांगायला नको.

ही गोष्ट मी बनवलेली आहे, आकडेही माझेच. पण बट्ट्याची कटकट खरी होती. पोतदाराच्या एका शब्दावर माणसाचा बैल घरी राहायचा की सावकाराच्या दावणीला जायचा, हे ठरू शकत होतं. पोतदार नेक असला तर गाव सुखी. तो लबाड असला तर? चांगलं नाणं वाईट म्हणून कमी भावात घ्यायचं आणि खजिन्यात पूर्ण भावानं दाखवायचं, एवढं सोपं होतं ते. समोरच्या अडाणी माणसाला काय कळणार, खण्ण काय नि बद्द काय? मला तर वाटतं, पोतदाराचा कान जितका तयार हवा तितकीच त्याची नियत साफ हवी, आणि दुसरी गोष्ट शिकवणारी शाळा तेव्हाही नव्हती.

या नाणेपारखीनं आपल्या भाषेत काय काय ठेवून दिलंय बघा. ‘खणखणीत’ आवाज, ‘खणखणीत’ उत्तर. ‘खोटं नाणं’ म्हणजे निरुपयोगी माणूस. ‘कसोटी’ तर क्रिकेटच्या सामन्यापर्यंत जाऊन पोचली. ‘घराण्याच्या नावाला बट्टा लावू नकोस’ असं आजी रागावून म्हणते ना, तोच हा बट्टा. ‘पारखून घे’ म्हणतात, तेही इथलंच. पारखी हे आडनाव मराठीत आहे आणि गुजरातीत पारेख आहे. सराफ हेही त्याच गल्लीतलं. मूळ अरबी शब्द, अर्थ नाणी बदलून देणारा. त्याचंच इंग्रजांनी श्रॉफ केलं आणि ते मुंबईच्या पारशांचं आडनाव झालं. इंग्लंडातही ‘मिंटर’ नावाचं आडनाव आहे, म्हणजे टाकसाळीत नाणी पाडणारा. तिकडं पाडणाऱ्याचं नाव राहिलं, इकडं पारखणाऱ्याचं.

पोतदारांचे दिवस कधी भरले? १८३५ साली. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीनं कायदा करून आपल्या मुलखात सगळीकडं एकाच तऱ्हेचा रुपया सुरू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. यंत्रावर पाडलेला, काठावर बारीक दाते, त्यामुळं कुणी कडा कातरली तर लगेच दिसणार. यंत्राला जुन्या भाषेत ‘कल’ म्हणत, म्हणून या रुपयाचं नाव पडलं कलदार. एकसारखी नाणी आल्यावर पारखायचं काय राहिलं?

पण थांबा. ही झाली इंग्रजी मुलखाची गोष्ट. आपली परभणी तेव्हा इंग्रजांच्या नव्हे, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. इथं निजामाचा स्वतःचा रुपया चाले, त्याला म्हणत हाली सिक्का. ‘हाली’ म्हणजे चालू, सध्याचा. आपण ‘हल्ली’ म्हणतो ना, तोच शब्द. हल्लीचा शिक्का, तो हाली सिक्का! शेजारच्या वऱ्हाडात मात्र कलदार चालायचा, कारण १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होतं. म्हणजे एका गावचा बैल वाशीमच्या बाजारात विकला तर हातात कलदार पडणार, आणि परभणीच्या मोंढ्यात सामान घ्यायचं तर हाली लागणार.

दोन्हींचा भाव ठरलेला होता. सहा कलदार म्हणजे सात हाली. शंभर कलदार दिले तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मिळत. (बारा पैंचा एक आणा. करून बघा, उत्तर बरोबर येतं.) हा सात आणि सहाचा हिशेब कुणाच्या लहरीनं ठरला नव्हता. हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा, आणि त्यात हजार भागांतले ८१८ भाग चांदी. म्हणजे शुद्ध चांदी साधारण ९.१४ ग्रॅम. कलदारात १०.६९ ग्रॅम. आता १०.६९ ला ९.१४ नं भागा आणि सातला सहानं भागा. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. पोतदारानं दगडावर वाजवून जे सांगितलं असतं, तेच तुमचा भागाकार सांगतो! गणित नावडतं म्हणणाऱ्यांनी हे एक उदाहरण तरी सोडवाच. पुढं दुसऱ्या महायुद्धात चांदी महाग झाली, १९४० पासून इंग्रजांच्या रुपयात निम्मीच चांदी उरली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, हे तुम्ही मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात दरवर्षी ऐकता. पण हाली रुपया काही त्या दिवशी मेला नाही. राज्य बदललं तरी लोकांच्या गाठोड्यातली नाणी एका रात्रीत बदलत नाहीत. हाली आणि भारतीय रुपया काही वर्षं शेजारी शेजारी चालले आणि १९५९ मध्ये हाली कायमचा बंद झाला. आमच्या भागातली ऐंशी-नव्वदीची म्हातारी माणसं अजून सांगतात, ‘तव्हा हाली होतं, कलदार लई मोठं वाटायचं.’

मग आडनाव का नाही बदललं? त्याचं कारण असं की आडनाव ही चीज फार चिवट. एकदा सरकारी कागदावर आणि शाळेच्या दाखल्यावर चढली की उतरत नाही. कधी कधी तर हुद्दा मूळ आडनावालाच गिळून टाकतो. नाना फडणवीस तुम्हाला इतिहासात भेटलेत. त्यांचं खरं नाव माहीत आहे? बाळाजी जनार्दन भानू. आडनाव भानू! फडणवीस हा हुद्दा, फडाचा म्हणजे दप्तराचा हिशेब लिहिणारा. पण परीक्षेत ‘नाना भानू’ लिहून बघा, तपासणारा लाल शाई घेऊन बसलेलाच आहे.

पोतदारांमध्ये एक फार मोठे गृहस्थ होऊन गेले, महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार (१८९० ते १९७९). थैलीशी त्यांचा संबंध नव्हता, पण पारख करण्याचं घराण्याचं काम त्यांनी निराळ्या रीतीनं केलं म्हणा ना. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं जुन्या कागदपत्रांत घालवली. कोणता कागद अस्सल, कोणता मागाहून बनवलेला, हे ओळखणारी माणसं ही. पुढं ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. आडनावावरून पूर्वजांचं काम कळतं, पण समोरच्या मुलाची किंमत कळत नाही. काही मुलं कुणाचं आडनाव कामावरून आहे म्हणून त्याला खालचा समजतात, हे मी वर्गात पाहिलंय, आणि देशमुख-पाटील म्हणून कुणी उगीच छाती फुगवतो, तेही पाहिलंय. मला दोन्हींचा सारखाच राग येतो. कुलकर्ण्यांचं नि परगण्याचं वतन कायद्यानं जाऊन सत्तर वर्षांवर झाली, वंशपरंपरेची पाटीलकीही १९६२ च्या कायद्यानं संपली. आणि संतांकडं बघा ना. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार यांनी आपलं काम नावापुढं अभिमानानं मिरवलं. नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले. त्यांचं गाव म्हणून ओळखली जाणारी नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ साली हिंगोली वेगळी होईपर्यंत ती आमच्या परभणी जिल्ह्यातच होती.

त्या चौथीतल्या पोतदाराचं पुढं काय झालं? मी वर्गाला ही सगळी हकिकत सांगितली आणि टेबलावर पाच-सहा नाणी नि एक लोखंडी वॉशर ठेवला. त्याला पाठमोरं उभं केलं आणि एकेक वाजवत गेलो. पठ्ठ्यानं वॉशर नेमका ओळखला! मग काय, मधल्या सुट्टीत पोरं आपापल्या खिशातली नाणी घेऊन त्याच्यापुढं रांगेत.

तुमच्या घरीही एक शोध घेता येईल. मराठवाड्यातल्या बऱ्याच जुन्या घरांत, देव्हाऱ्यात किंवा आजीच्या पेटीत एखादा चांदीचा रुपया असतो, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला निघतो. विचारून, परवानगी घेऊन तो हातात घ्या. एका बाजूला चारमिनार असेल तर समजा, हा अस्सल हाली. आता बहिर्गोल भिंग लावून चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा. तिथं उर्दू लिपीतलं एक अक्षर दिसेल. ‘मीम’ असेल तर नाणं निजाम महबूब अली खान यांच्या वेळचं, आणि ‘ऐन’ असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या उस्मान अली खान यांच्या वेळचं. अक्षर ओळखू आलं नाही तर उर्दू येणाऱ्या एखाद्या मित्राला दाखवा, तो चटकन सांगेल. आणि हो, चकचकीत करायच्या नादात नाणं चिंचेनं किंवा राखेनं घासू नका. अक्षर पुसलं गेलं तर मग पोतदारालाही ते नाणं कोणाचं हे सांगता यायचं नाही.